समुद्राचं हजेरी कार्ड

पालघर-बोईसरकडे बघण्यासारखं काय आहे, असं पुण्यात मला कुणी विचारलं की माझ्या तोंडून आधी निघतं, "कोणत्या तिथीला जाताय?" समोरच्याला वाटतं, ही लग्नाचा मुहूर्त काढतेय. मग मी केळव्याच्या किनाऱ्याचं नाव सांगते आणि सुटका करून घेते. या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचा अधिकार एकाच माणसाचा होता आणि मी त्या माणसाची फक्त भाडेकरू होते. वरच्या मजल्यावरची, एका खोलीची.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, तेव्हा बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गल्लीत मी खोली घेतली. घरमालक साठी ओलांडलेले. अंगात बनियन, बनियनच्या गळ्याला अडकवलेलं बॉलपेन आणि हाताला घड्याळ नाही. मी बॅग घेऊन दारात उभी होते. दुसरा कुणी घरमालक असता तर त्याने विचारलं असतं, एकट्याच राहणार का, रात्री किती वाजता येणार, पाहुणे किती येणार. यांनी विचारलं, "पाऊणकी येते?"

मला पाढे वीसच्या पुढे येत नव्हते, पाऊणकीचा पाढा कुठला यायला?

"मग समुद्रावर कशी जानार तू, बाय?" ते म्हणाले. चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती.

मी त्यांना काका म्हणायचे. सगळी गल्ली त्यांना काकाच म्हणायची. काका आयुष्यभर लोखंडी तारा बनवणाऱ्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. गेटजवळच्या खिडकीत बसायचं आणि कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला ते बघायचं. पुढे तो कारखाना बंद पडला. शेवटच्या दिवशी कुणी खुर्ची उचलली, कुणी पंखा. काकांनी कपाटात उरलेली कोरी हजेरी कार्डं मागून घेतली. जाड, पिवळट कागदाची ती कार्डं. वरती नाव आणि तारीख, खाली दोन रकाने, 'आत' आणि 'बाहेर', आणि तळाला 'शेरा'. लोकांनी काकांना वेड्यात काढलं. पण काकांच्या डोक्यात तेव्हाच शिजलेलं होतं. इतकी वर्षं माणसांची हजेरी घेतली, आता समुद्राची घ्यायची.

गल्लीत कुणाकडेही पाहुणा आला, की तो खाली काकांकडे पाठवला जायचा. काका कार्ड काढायचे. वर पाहुण्याचं नाव, तारीख आणि तिथी. 'आत'च्या रकान्यात भरतीची वेळ, 'बाहेर'च्या रकान्यात ओहोटीची. हे सगळं पाऊणकीवर चालायचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आज अष्टमी असेल, तर आठ पाऊण सहा. सकाळी सहाला भरती आणि संध्याकाळीही सहाला. दशमी असेल, तर साडेसात. आपल्या किनाऱ्यावरचे जुने लोक असाच हिशेब करत आले आहेत, त्यात काकांचं स्वतःचं काही नव्हतं. पण इतर लोक तो होडी काढायला करतात. काका तो बडोद्याहून आलेल्या कुणाच्या तरी मावसबहिणीसाठी करायचे.

स्वतः काका कोळी नव्हते. ते माकुणसारचे वाडीवाले. चिकू, केळी, पानवेलीत वाढलेले. त्यांना पोहता यायचं नाही आणि घोट्याच्या वर पाणी आलं की ते मागे फिरायचे. "आमी मासं खान्यापुरते कोली," असं स्वतःच सांगायचे. त्यांच्या वाडीच्या खालच्या अंगाला खाडी होती. भरतीचं खारं पाणी वर चढायच्या आत बांधाची फळी टाकायची, हे काम लहानपणी त्यांच्या वाट्याला आलं होतं. एकदा फळी टाकायला पाच मिनिटं उशीर झाला आणि अख्खी पानवेल जळाली. "बापानं मारलं नाय. नुसता बगत रायला माझ्याकडं," असं ते सांगायचे. तेव्हापासून या माणसाने पाण्याची वेळ चुकवली नव्हती.

वसाहतीत काम करणारी उत्तरेकडची पोरं सायकलवरून जाताना त्यांना हाक मारायची, "चाचा, टाइम क्या हुआ?"

"पानी चढ रहा है," काका ओट्यावरून उत्तर द्यायचे. "अभी एक घंटा चढेगा."

त्यातल्या एकाने मला थांबवून विचारलं होतं, "दीदी, इनसे टाइम पूछो तो ये मौसम क्यों बताते हैं?"

कार्डाचा खरा जीव 'शेरा' या ओळीत असायचा. बोटभर जागेत काका अख्खा जिल्हा बसवायचे. माझ्या मैत्रिणींना मिळालेलं पहिलं कार्ड माझ्या नजरेसमोर आहे. शेरा: 'केळवे रविवारी नको. रविवारी तिथे माणसं असतात. समुद्र मंगळवारी असतो.' माझ्या मैत्रिणी नोकरी करणाऱ्या, त्यांना मंगळवार कुठून मिळणार? त्या रविवारीच गेल्या आणि घोडागाडीच्या रांगेत उभ्या राहून, भाजून परत आल्या. काका ओट्यावरच होते. "काय, भेटला समुद्र?" एवढंच म्हणाले.

ताडीबद्दल त्यांचा शेरा असा: 'सकाळी प्यावी, सरबत असते. दुपारी पिऊ नये, भांडण असते.' शिरगावच्या किल्ल्याबद्दल: 'बुरुजावरच्या ताडाला फांद्या आहेत. ताडाला फांद्या नसतात, तरी आहेत. वाद घालू नये, बघून यावे.' आणि बोईसरमध्येच काय बघायचं असं कुणी विचारलं तर ते त्याला संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळेला रस्त्याच्या कडेला उभं करायचे. हजारो सायकली, मोटरसायकली, डबे हलवत चाललेली माणसं, मराठी, हिंदी, गुजराती एकात एक मिसळलेली. "ही आमच्या बोईसरची भरती," ते म्हणायचे. पाहुणा धूर खात उभा राहायचा आणि काका असे खुशीत, की जणू हे सगळे अजून त्यांच्याच खिडकीसमोरून चाललेत.

सातपाटीच्या बंदराचा शेरा मात्र लाल शाईत असायचा: 'लिलावात हात वर करू नये. मान हलवू नये. ओळखीचा दिसला तरी हसू नये.' आमच्या शेजारच्या खोलीत नवराबायको राहायचे. त्यातल्या नवऱ्याचा मेहुणा नागपूरहून आला होता. तो हुशार माणूस, त्याने कार्ड वाचून खिशात घातलं आणि विसरून गेला. बंदरावर होड्या लागलेल्या, बायका टोपल्यांभोवती गोल करून उभ्या, बोली चाललेली. मेहुणा फोटो काढायला पुढे घुसला. त्याच्या नाकावर माशी बसली. त्याने माशी हाकलली. ती परत बसली, त्याने परत हाकलली. तिसऱ्या वेळी ओल्या बोंबलांची भली मोठी टोपली त्याच्या बुटांपाशी आदळली आणि एक आजीबाई म्हणाली, "घे रे बाबा, तुझी झाली."

आठवडाभर आमच्या गल्लीत प्रत्येक घरी बोंबील होते. तळून, कालवणात, भरून, चटणीत. मेहुणा चौथ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघून गेला. काकांनी त्याचं कार्ड परत मागून घेतलं आणि शेऱ्यापुढे लिहिलं, 'माशीसुद्धा हाकलू नये.' पुढे ती ओळ सगळ्यांच्या कार्डावर यायला लागली.

एवढं सगळं सांगणारा हा माणूस पाहुण्यांबरोबर स्वतः कधीही जायचा नाही. गाडीत जागा असली तरी नाही, कुणी हाताला धरून ओढलं तरी नाही. "सांगनाऱ्यानं जायचं नसतं, बाय. मी संगती गेलो, की पाव्हना पानी बगत नाय, माझं तोंड बगतो. बरं वाटतंय ना, बरं वाटतंय ना, असं मी त्याला इचारनार आनि तो हो म्हननार. त्यात समुद्राचं काय रायलं?" काकू आतून ओरडायच्या, "मला बी नेत नाय हा मानूस! लगीन झाल्यापास्नं कार्डच देतो!"

आता माझ्याबद्दल सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं माझ्यामुळे घडलं.

मी विसरभोळी आहे. लोक कौतुकाने म्हणतात तशी नव्हे, निस्तरावं लागतं तशी. कॉलेजात असताना मी परीक्षेला दुसऱ्या विषयाची तयारी करून गेले होते. घरी गॅसवर दूध ठेवून मी बाजारात गेले आणि भांडं वितळलं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, जालन्याकडच्या एका छोट्या शहरात नगरपालिकेचे वॉलमन होते. म्हणजे टाकीवरून कोणत्या भागाला किती वाजता पाणी सोडायचं, ती चावी फिरवणारा माणूस. त्यांचं सगळं आयुष्य वेळेवर चाललेलं आणि पोटी मी. मी एकटीने बोईसरला राहणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून पटलेलं नव्हतं. "तू तिथं एखाद दिवशी सोताला इसरून येशील," ते म्हणायचे.

त्यातच आमच्या गावच्या कॉलेजात प्रयोगशाळेत एक जागा निघाली. आबांनी शब्द टाकला आणि ती माझ्यासाठी धरून ठेवली. पंधरा दिवसांत हो की नाही कळवायचं होतं. मला जायचं नव्हतं. इथे माझं काम मला आवडत होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं स्वतःचं असं काहीतरी उभं राहत होतं. आबांना मी फोनवर तसं सांगितलं. ते म्हणाले, "मी येतो. बगतो. मग ठरवू." त्यांनी इथे येऊन मला परत चल म्हटलं असतं, तर मी गेले असते. त्यांना नाही म्हणायची सवय आमच्या घरात कुणालाच नव्हती.

आबांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. तो पाहून त्यांना बरं वाटेल, मन थोडं पाघळेल, असा माझा भाबडा बेत. मी काकांना सगळं सांगितलं. काकांनी प्रकरण फार मनावर घेतलं. दोन दिवस विचार करून त्यांनी दांडी हे गाव निवडलं. "केळवे नको, तिथं भेलपुरी दिसंल. पाव्हन्यांना आदी पानी दिसलं पायजे," असं म्हणत त्यांनी कार्ड लिहून दिलं. मग आबांच्या चुलतभावाकडे साखरपुडा निघाला आणि त्यांचं येणं एका आठवड्याने पुढे गेलं. काकांनी न सांगता नवं कार्ड लिहून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "जुनं फाडून टाक." मी हो म्हणाले.

आबा शनिवारी दुपारी आले. दारापाशी पोचलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की किल्ली खोलीत राहिलीय आणि कुलूप मी बाहेरून दाबून लावलंय. काकूंनी खालून दुसरी किल्ली आणून दिली. माझी दुसरी किल्ली त्यांच्याकडे कायमच असायची, ते आबांनी बरोबर टिपलं. संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी काकांना विचारलं, "इथं हवा कशी हाय, मालक?"

"वास येतो," काका म्हणाले. "रातचा येतो, कदी पाटेचा येतो. खोटं कशाला सांगू?"

मी कपाळावर हात मारून घेतला. आबा मात्र या माणसाकडे जरा निरखून बघायला लागले.

रविवारी सकाळी आम्ही रिक्षाने दांडीला निघालो. कार्ड माझ्या हातात होतं. त्रयोदशी. आत: पावणेदहा. बाहेर: पावणेचार. शेरा: 'पाहुण्यांनी पाण्याकडे बघावे, मुलीने पाहुण्यांकडे बघू नये.' साडेनऊला आम्ही नारळीच्या झाडांमधून किनाऱ्यावर आलो आणि समुद्र तिथे नव्हता.

खरंच नव्हता. नजर जाईल तिथपर्यंत ओला, काळपट चिखल आणि उघडे पडलेले खडक. होड्या कुशीवर कलंडून पडलेल्या. लांबवर, अगदी लांबवर पाण्याची एक पांढरी रेघ होती. चार-पाच बायका वाकून खडकांना चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं फोडून काढत होत्या.

"पानी कुठं गेलं?" आबांनी विचारलं.

हा प्रश्न तीस वर्षं सगळं गाव त्यांना विचारत आलं होतं. रस्त्यात, बाजारात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दवाखान्यात सलाइन लावलेलं असताना. तो दुसऱ्या कुणाला विचारायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

खडकावरची एक बाई पाटी घेऊन आमच्या दिशेने आली. मी तिला विचारलं. ती हसायलाच लागली. "आज पानी दुपार कलल्यावर येल. सकालचं कोनी सांगितलं तुमाला?"

मी काकांना फोन लावला. वाऱ्यात ऐकू येईना म्हणून स्पीकर चालू केला. आबा शेजारी उभे होते. मी म्हणाले, "काका, इथे पाणीच नाहीये. तुम्ही पावणेदहा लिहिलंय."

"तिथी काय लिवलीय?"

"त्रयोदशी."

काका काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. मग म्हणाले, "पाव्हन्यांना दे फोन." आबा फोनच्या जवळ आले. काका म्हणाले, "पाव्हनं, माझं चुकलं. आज पंचमी. मी तेरस लिवली. मीच चुकलो. तुमी तिथंच थांबा, मी आलो."

मला त्या क्षणी समुद्र नसण्यापेक्षा याचाच धक्का जास्त बसला. काका आणि चुकले? पाठोपाठ दुसरा धक्का असा, की काका आले. स्कूटरवर, मागे काकू, काकूंच्या मांडीवर डबा. पाहुण्याबरोबर कधीही न जाणारा माणूस माझ्या वडिलांसमोर चिखलात उभा राहिला आणि सातव्यांदा म्हणाला, "माझं चुकलं." काकू आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, त्यांनाही आश्चर्य वाटतंय.

मग आम्ही सहा तास समुद्राची वाट बघितली.

आबांनी धोतर खोचलं आणि चिखलात उतरले. समुद्राच्या तळावर चालायला मिळतंय, तर कोण सोडतो? कालवं काढणाऱ्या बायकांनी त्यांना पाय कुठे टाकायचा आणि कुठे नाही ते ओरडून सांगितलं. एकीने कालव फोडून हातावर ठेवलं, ते मात्र आबांनी नमस्कार करून परत दिलं. दुपारी नारळीखाली डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील. आबांना काट्याची भीती. काकांनी एकेक बोंबील हाताने उकलून त्यांच्यापुढे ठेवला. "याला काटा कोन म्हनतो? मिशी हाय ती," असं त्यांचं चाललेलं.

आणि मग ते दोघं बोलत बसले. आबा घरी दिवसाला दहा वाक्यं बोलतात, त्या दुपारी त्यांनी वर्षाचा कोटा संपवला. आमच्याकडे आठ दिवसांनी पाणी कसं यायचं, तेही तासभर. कोणत्या गल्लीला आधी सोडलं म्हणून कोण मारायला धावलं होतं. टाकीतच पाणी नसायचं आणि शिव्या मात्र चावी फिरवणाऱ्याला. काका ऐकून हैराण. "आठ दिसांनी?" ते पुन्हा पुन्हा विचारायचे. त्यांनी खाडीची आणि जळालेल्या पानवेलीची गोष्ट सांगितली. आबा म्हणाले, "बापानं मारलं असतं तर बरं झालं असतं." काका म्हणाले, "तेच ना."

दोन वाजायच्या सुमारास ती पांढरी रेघ जवळ यायला लागली. आबा घड्याळाकडे बघत होते, काका पाण्याकडे. पाणी गाजावाजा न करता आलं. आधी खडकांच्या मधल्या खाचा भरल्या, मग चिखल झाकला. कलंडलेल्या होड्या एकेक करून सरळ झाल्या. बरोबर पावणेचारला लाट आबांच्या पायाशी आली आणि ते लहान मुलासारखे हसले. "कुनी चावी फिरवली नाही," ते म्हणाले, "आन् आलं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी आबांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी स्टेशनवर गाडीत बसता बसता ते म्हणाले, "कॉलेजला नाही म्हनून कळवतो. तू ऱ्हा इथंच." का, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, न जाणो विचार बदलला तर.

तशीच मी कामावर गेले. प्रयोगशाळेतला अ‍ॅप्रन अंगात घातला, खिशात हात घातला आणि बोटाला जाड कागद लागला. पिवळट कार्ड. पंचमी. आत: पावणेचार. शेरा: 'सकाळी घरी जेवून घ्यावे. दुपारी निघावे.' तारीख कालच्या रविवारची.

संध्याकाळी मी धावत घरी आले. पर्समधलं कार्ड काढलं. त्यावर आधीच्या रविवारची तारीख होती. जे फाडायचं ते मी जपून ठेवलं होतं आणि जे जपायचं ते अ‍ॅप्रनच्या खिशात विसरले होते. दोन्ही कार्डं घेऊन मी खाली गेले. काका ओट्यावर होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी कार्डं माझ्या हातातून घेतली.

"पाव्हने गेले?"

"गेले."

"तुला नेली नाय ना? मग झालं." त्यांनी कार्डं बनियनच्या आत टाकली. "आनि ह्यातलं एक अक्षर बोलायचं नाय कुनाला. जालन्याला गेलं तर दुसऱ्या दिवशी येतील तुला न्यायला."

मी नाही बोलले. याची मला आजही लाज वाटते. कारण त्यानंतर जे झालं ते मी डोळ्यांनी बघत होते. कालवं काढणाऱ्या त्या बाईने ही गोष्ट बाजारात सांगितली. बाजारातून ती गल्लीत आली. काकांची भरती चुकली. लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. पाहुणे अजूनही खाली पाठवले जायचे, पण कार्ड घेतल्यावर जिन्यात उभं राहून मोबाइलवर वेळ ताडून बघायचे. शेजारचा तो नवरा, ज्याच्या मेहुण्याने अख्खी टोपली विकत घेतली होती, तोसुद्धा विचारायचा, "काका, नक्की ना?" सायकलवरची पोरं हसून जायची. काका म्हणायचे, "फोनला पानी दिसत नाय," पण त्यांचा आवाज पहिल्यासारखा नव्हता. आणि आबा! त्यांची काकांशी चांगलीच दोस्ती झाली होती. दर पंधरा दिवसांनी त्यांचा काकांना फोन यायचा आणि दर वेळी पहिला प्रश्न, "काय मालक, आता पानी येळंवर येतंय ना?" काका कसंनुसं हसून म्हणायचे, "चुकलो ओ एकदा. किती दिवस बोलनार?"

दोन वर्षांनी मला पुण्यात चांगली नोकरी मिळाली. निघायच्या आदल्या रात्री मला राहवलं नाही. मी आबांना फोन करून सगळं सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी सामानाचा टेम्पो दारात उभा असताना, सगळी गल्ली निरोपाला जमलेली असताना, मी ओट्यावर चढले आणि मोठ्याने बोलले. चूक काकांची नव्हती. काकांनी बरोबर कार्ड दिलं होतं. मी जुनं घेऊन गेले होते.

शेजारचा नवरा पायांकडे बघायला लागला. काकू म्हणाल्या, "मला त्याच दिशी ठावं होतं. दोनी कार्डं माझ्या म्होरं लिवलेली." काका मात्र माझ्यावर असे भडकले, की मी दचकलेच.

"काय गरज होती? गावभर केलंस! आता पाव्हन्यांच्या कानावर गेलं म्हंजे?"

"काका, मी आता चाललेच आहे. आणि आबांना काल रात्रीच सांगितलं."

"मग?" काकांचा चेहरा उतरला. "काय म्हनले?"

"ते म्हणाले, दांडीला जाताना रिक्षातच त्यांनी कार्डावरची तारीख वाचली होती. ती आधीच्या रविवारची होती."

काका पायरीवर बसले. बोटांवर काहीतरी मोजत राहिले. दोन वर्षांतले फोन मोजत असावेत. मग त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "लाव त्यांना."

मी फोन लावला आणि स्पीकर चालू करून त्यांच्या हातात दिला. सगळी गल्ली कान देऊन उभी. आबांनी उचलल्या उचलल्या नेहमीचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं असेल, पण काकांनी त्यांना बोलू दिलं नाही.

"पाव्हनं," काका म्हणाले, "मी चुकलो नव्हतो."

"म्हाईत हाय, मालक," आबा म्हणाले. "म्हनून तर पोरगी तुमच्यापाशी ठिवली."